पात्याला पाणी

हात थरथरायला लागले तसा म्हाताऱ्या लोहाराने हातोडा लेकीच्या हवाली केला आणि स्वतः पाण्याच्या पिंपासमोर स्टूल टाकून बसू लागला. ती लालबुंद पातं पाण्यात बुडवायची, चर्र व्हायचं, आणि पातं हवं तसं कडक झालं का, याचा त्या आवाजावरून तो निकाल द्यायचा. "बसलं पाणी," नाहीतर, "परत तापव." त्याचा अंदाज कधी चुकला नाही. बापलेकीत बोलणं तसं बेताचंच. बाकी सगळं खुणांनी चालायचं. बाबांच्या मागे आपलं कसं व्हायचं, याचा तिला घोर लागलेला असायचा.

आज ती भट्टीकडे वळली असताना त्याच्या पाठीमागची पत्र्यांची चळत धडाडकन कोसळली. शेजारचे धावत आले. म्हातारा मात्र ढिम्म हलला नाही.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "बाबा, कधीपासून ऐकू येत नाही?"

"झालं की वर्ष."

"मग पाणी बसलं की नाही, ते कसं सांगता?"

"तुझ्या तोंडाकडे बघून," तो म्हणाला. "माझ्या आधी तुलाच कळलेलं असतं."