अजून सोपं

कंपनीचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता होता: नवा प्रोग्राम आधी मालकाच्या आईपुढे ठेवायचा. "डोक्यावरून गेलं रे राजा," असं ती लेकाला म्हणाली, की भलेभले इंजिनीअर मुकाट्याने पुन्हा कामाला लागत. या सोपेपणावरच कंपनीने जगभर नाव काढलं.

अलीकडे आई फारच अडखळायची. "चूक आपलीच. अजून सोपं करा," मालक म्हणायचा. पडद्यावरचं एकेक बटण गळत गेलं आणि लोक वाहवा करत राहिले.

आज पडद्यावर फक्त मालकाचा फोटो उरला होता. त्यावर बोट ठेवलं, की थेट त्यालाच फोन लागणार होता.

आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग शेजारी बसलेल्या लेकाला तिने हळूच विचारलं, "अहो, हे कोण आहेत?"