गोपनीय अहवालाचा चार्ज

मुख्याध्यापक हिंगमिरे सर ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि नव्या नियमाप्रमाणे त्यांचा चार्ज स्टाफमध्ये वाटला गेला. ज्याच्याकडे जे काम, त्याच्या कानामागच्या चिपमध्ये सरांची तेवढी स्मृती. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा शिक्षकांचे गोपनीय अहवाल लिहिण्याचं काम आलं भूगोलाच्या मंदाबाईंकडे.

तेव्हापासून बाईंना एका जागी बसवत नव्हतं. समोर जो येईल त्याच्याबद्दल सरांनी काय काय पाहिलंय, ते आपोआप आठवायचं.

"माझं काय लिहिताय, बाई?" शेंडगे सरांनी जिन्यात गाठून विचारलं.

"रोज उशिरा येता, तेच लिहिणार," बाई फटकन म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

स्वतःबद्दलचं आठवायला त्या घाबरत होत्या. वर्गाच्या दाराशी ते आलंच. सरांच्या डोळ्यांनी त्यांनी स्वतःला पाहिलं: नवरा गेला ते वर्ष, घंटा होऊन दहा मिनिटं झालेली, आणि याच दारात पदराने डोळे पुसत उभ्या असलेल्या त्या. रोज. त्या वर्षीच्या अहवालात सरांनी लिहिलं होतं, 'वक्तशीर.'

बाई आल्या पावली जिन्याकडे वळल्या.

"शेंडगे सर, थांबा. घरी सगळं ठीक आहे ना?"