फुकेतमधला विहार

त्सुनामीला आठवडा झाला, तेव्हा नाशिकरोडचे सावळीराम आणि आक्काबाई पर्यटक व्हिसावर फुकेतला उतरले. त्यांचा मुलगा राकेश मित्रांसोबत तिथे फिरायला गेला होता, परतला नव्हता. त्याचा फोटो दाखवत दोघं रिक्षाने दवाखान्यांमागून दवाखाने हिंडले. भाषा कळत नव्हती; लोक नुसती मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने एका विहारात आणलं. अंगणात बेवारस प्रेतं झाकून ठेवली होती. सावळीराम एकेक चादर उचलता उचलता एकाएकी खाली बसले. "अहो, मनगटावरचं घड्याळ नीट बघा," आक्काबाई दुरूनच म्हणाल्या. "बघितलं गं. आपलाच आहे." तेवढ्यात भिक्खूंनी पाठ सुरू केला, "बुद्धं सरणं गच्छामि..." तीन दिवसांत कळलेले हे पहिले शब्द. आक्काबाईही घरी रोज म्हणायच्या तशा हात जोडून म्हणू लागल्या. दुसऱ्या ओळीला त्यांनी तोंडावर पदर दाबला. भिक्खूंनी आवाज चढवला आणि त्यांच्या वाट्याचंही म्हटलं.