टायरवरचा बाण

तरसालीच्या टायरवाल्या रमणभाईंनी गाडीची उजवीकडची चाकं डावीकडे घालायला घेतली, तसे इतका वेळ फोनवर बोलत उभे असलेले श्रीकृष्णराव कडाडले. रिफायनरीत तीस वर्षं मशिनं सांभाळली होती त्यांनी. असले अंगठाबहाद्दर हाताखालून कित्येक गेले.

"अरे भाई, फिरायच्या दिशेचा बाण असलेल्या टायरची बाजू बदलत नाहीत, एवढंही कळत नाही? उद्या डभोईच्या रस्त्यावर मारतोस का आम्हाला?"

शेजारी उभ्या जावयाला नीट दिसावं म्हणून त्यांनी वाकून टायरवरच्या पांढऱ्या बाणावर बोट टेकवलं. "हा काय कंपनीनं गंमत म्हणून काढलाय?"


"साहेब, जरा सरका," म्हणत रमणभाईंनी खिशातून खडू काढला आणि शेजारच्या टायरवरही तस्साच बाण ओढला.