शेवटची बांधी

चुन्नीलालजींनी लोटा कलता केला आणि शामकलाच्या मातीच्या तलावात पाणी ओतलं.

केंद्रशाळेच्या पटांगणात भूगोलाची स्पर्धा होती. पोरांनी आपापल्या गावाचा नकाशा मातीत उठवायचा आणि पाणी सोडून उतार दाखवायचा. पहिला येईल तो भंडाऱ्याच्या स्पर्धेला जाणार. परीक्षक चुन्नीलालजी शामकलाच्याच गावचे मालगुजार. मालगुजारी कायद्यानं गेली होती. लोकांच्या कमरेतून गेली नव्हती.

पाणी तलावातून पाटात उतरलं. चुन्नीलालजींच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, शिरलं. तिथं तिनं धान म्हणून हिरवं गवत खोचलं होतं. पुढं पाटात मातीचा आडवा बांध, धुरा, होता. पाणी तिथंच तटलं. धुऱ्यापलीकडं टोलीवरच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांच्या बांध्या, शेवटची तिच्या बापाची. सगळ्या कोरड्या.

"चुकलं, पोरी," चुन्नीलालजी हसले. "उतार जमला नाही."

"उतार बराबर हाय, मालक. मधात धुरा हाय."

"अन् तो कोणी घातला?"

"तुमच्या दिवाणजीनं. धान पोटरीत आला, पाणी पाहिजे होतं तवाच."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकायला लागलं.

चुन्नीलालजींनी दुसरा लोटा ओतला. मग घागरच उचलली. त्यांच्या बांध्या तुडुंब झाल्या, गवत सुटून तरंगायला लागलं, पाणी उलटं फिरून त्यांच्याच पायातल्या जोड्यांत शिरलं. टोलीकडं थेंब गेला नाही.

"नकाशा खोटा आहे," ते म्हणाले. "गुरुजी, दुरुस्त करवून घ्या. नाहीतर शून्य."

तिच्या शाळेचे जागेश्वर गुरुजी तिच्याशेजारी उकिडवे बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "शामे, काऊन जिद्द करून राहिली? बोटभर माती तं काढाची हाय. पाणी जाईल, नंबर येईल. भंडारा पाहाचा नाही का तुले?"

"पाहाचा हाय, गुरुजी. लय पाहाचा हाय."

"मंग?"

ती हलली नाही. तेव्हा गुरुजींनीच हात पुढं केला. बोट धुऱ्याला टेकलं, तशी शामकलानं त्यांचं मनगट धरलं. गुरुजींचं मनगट त्या शाळेत आजवर कुणी धरलं नव्हतं. तिच्या हातावरचा चिखल त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागला.

"इथं कायले फोडता, गुरुजी?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तिथं फोडा ना."