लेकीची ओळ

गायधनी सरांनी तोंडी परीक्षेत स्क्रीनवर पेन टेकवलं. "बाई, या ओळी अशा वेड्यावाकड्या का? एकीत पाच नावं, एकीत एकच! सगळ्या पाच-पाचच्या करा, उरलेल्या जागी शून्य भरा. नाहीतर नापास."

चाळिशीत कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला बसलेल्या वैजयंताने गल्लीतल्या घरोघरच्या मुलांची यादी केली होती. जितकी मुलं, तितकीच ओळ लांब. तिने शून्यं भरली, नुसत्या शून्यांची एक ओळ सरांच्या नावाने जोडली आणि घरटी मुलं मोजणारा प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक घरी पाच मुलं निघाली.

"सर, तुम्हालाही पाच!"

"अहो, माझं लग्नच झालेलं नाही!"

"शून्याचीही जागा मोजली जाते, सर. माझ्या घरी एकच लेक आहे. तिच्यापुढच्या चार जागा सासूबाईंनी अकरा वर्षं अडवून ठेवल्यात, मुलगा होईल म्हणून. घरात मला त्या पुसता आल्या नाहीत. इथे पुसणार."

तिने सगळी शून्यं खोडली. तिच्या घरच्या ओळीत लेकीचं नाव एकटंच ऐटीत उभं राहिलं.

"आता करा नापास."

सरांनी पंचवीसपैकी तेवीस लिहिले. "माझी ओळ तेवढी रिकामीच राहू द्या," म्हणाले.