सामाईक जागा

डोसचा तक्ता दुरुस्त केला, तरी औषधाचा पंप मधूनच जुना डोस सोडायचा. प्रोग्रामर बाई मेटाकुटीला आली. पंपातल्या चिपच्या मेमरीचे दोन कप्पे. एक उघडला की दुसरा बंद. म्हणून तोच तक्ता दोन्हीकडे ठेवलेला, आणि दुरुस्ती झाली होती एकीकडेच. हे कळताच तिने साहेबांची केबिन गाठली.

"साहेब, दोन्ही कप्प्यांना दिसणारी थोडी सामाईक जागा आहे. तक्ता एकदाच तिथे ठेवू, म्हणजे हा घोळ कायमचा मिटेल."

"मग ठेवा की! माझं डोकं कशाला खाता?"

"तिथे पंपाच्या पडद्यावरचा कंपनीचा फिरता लोगो ठाण मांडून बसलाय. तो काढावा लागेल."

"लोगो काढायचा? अहो बाई, मग पंप आपला आहे हे लोकांना कळणार कसं?"

"कळेल ना, साहेब. एखाद्या पेशंटला चुकीचा डोस जाऊ दे, पेपरात नाव येईलच."